शिखराचं नाव : ॲप म्हणतं एक, बाबांचं अक्षर म्हणतं दुसरं

पायरव | शनिवार, रात्री ९:१२

बाबांच्या जुन्या स्लाइड्स (चौकटीत बसवलेले फिल्मचे तुकडे) स्कॅन करून आणल्या. एकशेचाळीस-एक आहेत. त्यातली एक तीन दिवस डोक्यात बसलीय.

फोटोत पुढे बाबांचे मित्र उभे आहेत (इथे त्यांना अण्णा म्हणू). माकडटोपी, बटणं उघडी टाकलेलं स्वेटर, आत शर्ट, एक हात कमरेवर. मागे बर्फाच्या शिखरांची लांबलचक रांग. स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर बाबांच्या अक्षरात निळ्या शाईने लिहिलंय : "नंदादेवी. कौसानी, ऑक्टो. ८४".

मी उत्साहाने फोटो पीकफाइंडर या शिखरांची नावं दाखवणाऱ्या ॲपमध्ये टाकला आणि जागा कौसानी (उत्तराखंड) दिली. सगळ्यात मोठ्या दिसणाऱ्या शिखराला ते त्रिशूळ म्हणतंय. तेही धड बसत नाही. एक टोक जुळवलं की ॲपने काढलेली डोंगरांची बाकीची रेघ फोटोपासून सुटते, दुसरं जुळवलं की पहिलं जातं. फोटो खाली चिकटवलाय.

बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "मी तिथे होतो. तुझं ॲप होतं का?"

तर प्रश्न असा की अशा ॲपवर किती विसंबायचं? आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या फोटोतलं शिखर ओळखायची दुसरी काही सोय आहे का?

झुळूक | शनिवार, ९:२०

वडिलांचं बरोबर. दुसरा प्रश्न घ्या. (हलके घ्या.)

चष्मेबहाद्दर | शनिवार, ९:५१

आधी हे नीट समजून घ्या की पीकफाइंडर किंवा पीकव्हायझर तुमचा फोटो "ओळखत" नाही. चेहरा ओळखतात तसं तिथे काही होत नाही. त्यांच्याकडे जमिनीच्या उंचीचा नकाशा असतो, म्हणजे ठरावीक अंतरावरच्या प्रत्येक ठिपक्याची उंची. तुम्ही जागा सांगितली की त्या जागी उभं राहून चहूबाजूंनी क्षितिज कसं दिसेल ती रेघ ते गणिताने काढतात, आणि शिखरांच्या यादीतली जी शिखरं कशाच्या आड जात नाहीत त्यांची नावं रेघेवर टांगतात. तुमचा फोटो त्या रेघेच्या मागे फक्त ठेवलेला असतो. जुळवायचं काम तुमचं.

म्हणून रेघ सहसा चुकत नाही. चुकतं ते आपण दिलेलं काहीतरी : जागा, दिशा किंवा भिंगाचा कोन (म्हणजे फोटोत किती रुंद दृश्य मावतं). मोबाइलच्या फोटोत या गोष्टी फाइलमध्येच नोंदलेल्या असतात, स्कॅन केलेल्या स्लाइडमध्ये त्यातलं काहीही नसतं. तुमच्या फोटोचा कोन ॲपने अंदाजाने धरलाय आणि तो चुकलाय, असं माझं मत. कॅमेरा कोणता होता? भिंग किती मिलिमीटरचं? स्कॅन करणाऱ्याने कडा कापल्यात का?

निवडुंग | शनिवार, १०:०५

नकाशा, होकायंत्र आणि तिथला एखादा म्हातारा माणूस. या तीन गोष्टींनी जे कळत नाही ते कळायची गरज नसते.

हल्ली लोक शिखराकडे बघतच नाहीत. मोबाइल वर धरतात, नाव वाचतात, मोबाइल खाली. संपलं दर्शन.

घोरपड | शनिवार, १०:११

निवडुंग, तो तिथला म्हातारा माणूस पण कधीकधी ठोकून देतो बरं का. एकाने मला एकाच शिखराची सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं अशी दोन नावं सांगितली होती.

पायरव, मी तुमचा फोटो एका गप्पा मारणाऱ्या एआयला दिला. काही सांगितलं नाही, फक्त "हे शिखर कोणतं?" विचारलं. उत्तर : कांचनजंगा, आणि सोबत कांचनजंगावर दोन परिच्छेद. मी म्हटलं, खात्री आहे? लगेच माफी मागून अन्नपूर्णा. परत विचारलं, तर "तुमचं निरीक्षण योग्य आहे", आणि आता धौलागिरी. मी निरीक्षण नोंदवलंच नव्हतं!

झुळूक | शनिवार, १०:१४

चौथ्यांदा विचारलं असतंत तर अण्णांचं नाव सांगितलं असतं.

ढगफुटी | शनिवार, १०:४०

माझ्या दोन अक्कलखाती जमा गोष्टी.

पहिली दार्जिलिंगजवळच्या टायगर हिलची. पहाटे सगळे ओरडायला लागले, "एव्हरेस्ट, एव्हरेस्ट!" आणि बोटं सगळी एका दणकट शिखराकडे. मीही पंधरा-वीस फोटो काढले. घरी येऊन जुळवले तेव्हा कळलं, तो मकालू. एव्हरेस्ट त्याच्या शेजारी, बारीक, बुजऱ्या पोरासारखा मागे उभा. तिथून एव्हरेस्ट १७० किलोमीटरहून लांब आहे आणि मकालू वीसेक किलोमीटर अलीकडे, त्यामुळे ४८५ मीटरनी, चुकलो, ३६४ मीटरनी बुटका असूनही मकालूच भाव खाऊन जातो. (८४८५ ही त्याची उंची, घाईत तेच आकडे बोटांवर आले.)

दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी. एका ट्रेकला मी मोबाइल वर धरून बारा जणांना शिखरांची नावं सांगत होतो, चांगला तासभर. एका मुलीने हळूच विचारलं, "काका, सूर्य पश्चिमेला उगवलाय का?" माझ्या मोबाइलच्या कव्हरला लोहचुंबकाची पट्टी आहे. होकायंत्र पार वेडं झालं होतं. त्या बारा जणांच्या फोटोंखाली आजही माझीच नावं असणार.

चष्मेबहाद्दर | शनिवार, १०:५२

ढगफुटी, दंडवत.

यावर उपाय आहे. होकायंत्रावर अवलंबून राहायचंच नाही. पीकफाइंडरमध्ये सूर्याचा आणि चंद्राचा मार्ग दिसतो. खरा सूर्य आणि पडद्यावरचा सूर्य एकावर एक आणले की दिशा पक्की. नाहीतर एक ओळखीचं शिखर धरून रेघ बोटाने सरकवायची.

बर्फाळ_बंडू | शनिवार, ११:३०

नावं चुकण्याचा इतिहास मोबाइलहून बराच जुना आहे. अवांतर होईल, पण लिहितो.

भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नोंदीत एव्हरेस्ट नुसतं "शिखर १५" होतं. ते सगळ्यात उंच आहे हे १८५२ मध्ये राधानाथ सिकदारांच्या गणितातून पुढे आलं. त्याचं स्थानिक नाव काय, याचा शोध सुरू झाला. पुढे हर्मन श्लागिंटवाइट नावाच्या जर्मन संशोधकाने काठमांडूजवळच्या टेकडीवरून एक भव्य शिखर पाहिलं, लोकांनी त्याचं नाव गौरीशंकर सांगितलं, आणि त्याने ठरवलं की हेच शिखर १५. झालं. युरोपातल्या नकाशांत पुढची कित्येक वर्षं एव्हरेस्टच्या जागी "गौरीशंकर" छापलं जात होतं. १९०३ मध्ये कॅप्टन हेन्री वुड नेपाळमध्ये जाऊन मोजमाप घेऊन आला, तेव्हा उलगडा झाला की ही दोन वेगळी शिखरं आहेत आणि त्यांच्यात ५८ किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. गौरीशंकर ७१३४ मीटर, म्हणजे एव्हरेस्टहून सतराशे मीटरनी कमी.

म्हणजे निवडुंग, नकाशा होता, यंत्रं होती, तिथली माणसंही होती. माणसांनी सांगितलेलं नावही बरोबर होतं. बोट कुठे दाखवलंय आणि बघणारा कुठे बघतोय, घोळ तिथे झाला.

निवडुंग | शनिवार, ११:४४

बंडू, ही माहिती नवीन होती. तरी माझं म्हणणं तेच. वुड तिथे चालत गेला होता.

मोजपट्टी | रविवार, सकाळी ६:०८

नोकरीतली बरीच वर्षं मोजणीत गेली, म्हणून राहवत नाही.

पायरव, तुमच्या बाबांना चूक ठरवण्याआधी कौसानीहून काय दिसायला हवं ते कागदावर काढू. कौसानीची उंची सुमारे १८९० मीटर. तिथून त्रिशूळ ५५ किलोमीटरवर, उंची ७१२०. नंदादेवी ६९ किलोमीटरवर, उंची ७८१६. आता पृथ्वी गोल असल्यामुळे लांबचं शिखर "बुडतं". हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो, त्यामुळे थोडं परत वर येतं. दोन्ही धरून त्रिशूळ दोनशे मीटर आणि नंदादेवी सव्वातीनशे मीटर खाली गेल्यासारखी दिसते.

हे वजा करून कोन काढा. क्षितिजाच्या वर त्रिशूळ सव्वापाच अंश, नंदादेवी जेमतेम ४.६ अंश.

म्हणजे नंदादेवी जवळजवळ सातशे मीटरनी उंच असूनही कौसानीहून त्रिशूळच वरचढ दिसतं. जो कोणी "सगळ्यात मोठं ते नंदादेवी" असं धरेल तो फसेल, आणि तिथे येणारे बरेच जण तसंच धरतात. त्यामुळे मोठ्या शिखराला ॲपने त्रिशूळ म्हणणं मला पटतं. पण रेघ का बसत नाही याचं उत्तर यात नाही. फोटो मोठा करून दुपारी बघतो.

झुळूक | रविवार, ८:३०

पृथ्वी गोल आहे हे धाग्यात आलं. आता धागा शंभरी गाठणार.

अवखळ | रविवार, ९:०२

गोल असण्यावरून आठवलं. सगळ्यात लांबून काढलेला डोंगराचा फोटो म्हणून जो गाजला तो ४४३ किलोमीटरचा आहे! २०१६ मध्ये मार्क ब्रेट नावाच्या छायाचित्रकाराने पिरेनीजमधल्या फिनेस्ट्रेल शिखरावरून पहाटे काढला, त्यात आल्प्समधलं पिक गॅस्पार दिसतं. मागून सूर्य वर येत असतो आणि त्याच्यापुढे डोंगराची काळी कातरलेली आकृती. एरवी हवेच्या धुरकटपणात ते दिसणारच नाही.

असे फोटो आधी सॉफ्टवेअरवर शोधले जातात. कुठून कुठे नजर पोचते, सूर्य नेमका कोणत्या दिवशी त्या शिखरामागून उगवतो, ते सगळं काढून मग माणूस रात्री चढून थंडीत बसतो. तेव्हा निवडुंगजी, ॲपमुळे माणूस बघायचा थांबतो असं सरसकट नाही.

बर्फाळ_बंडू | रविवार, ९:४०

मला वाटतं पायरवच्या फोटोत नकाशाचा डेटा गंडलेला असणार. यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरचा पाया म्हणजे फेब्रुवारी २००० मधली नासाच्या एन्डेव्हर अवकाशयानाची मोहीम. अकरा दिवसांत यानाने रडारने जमीन मोजली, ६० उत्तर ते ५६ दक्षिण अक्षांश. ६० मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून त्याच्या टोकाला दुसरा अँटेना होता. पण रडार तिरकं बघतं, त्यामुळे उभ्या कड्यांच्या आड सावली पडते आणि तिथे डेटामध्ये भोकं राहतात. हिमालयात भरपूर होती. नंतर लोकांनी जुने नकाशे वापरून ती बुजवली. शिवाय तीस मीटरला एक ठिपका म्हटलं की टोकदार शिखराचा शेंडा दोन ठिपक्यांच्या मधे हरवतो. सुळका असेल तर बघायलाच नको, त्याची टेकडी होते.

चष्मेबहाद्दर | रविवार, १०:१५

बंडू, मुद्दा योग्य, पण इथे लागू नाही. शेंडा वीस-पंचवीस मीटरनी कापला गेला तरी ५५ किलोमीटरवरून तो फरक फोटोत एक-दोन पिक्सेलचा. पायरवची रेघ बोटभर सुटतेय.

क्षितिज_०७ | रविवार, ११:२०

माझा अंदाज : फोटो कौसानीचा नाहीच. मला ही पंचाचूली शिखरांची रांग वाटते, उत्तराखंडातल्याच मुनस्यारीहून. बाबांनी स्लाइड्सवर नावं प्रवासाहून परतल्यावर एका बैठकीत लिहिली असतील, एखादी इकडची तिकडे झाली असेल.

जागाच माहीत नसेल तरी नुसत्या क्षितिजरेषेवरून ती शोधता येते, यावर चांगलं संशोधन झालंय. २०१२ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या गटाने जवळपास अख्ख्या स्वित्झर्लंडसाठी हे करून दाखवलं, ४० हजार चौरस किलोमीटर. फोटोतून आकाश आणि डोंगर यांच्यामधली रेघ कापून काढायची, तिचे छोटे छोटे तुकडे करायचे, आणि आधीच काढून ठेवलेल्या असंख्य जागांच्या रेघांशी ताडून बघायचे. बोटांच्या ठशासारखं.

घोरपड | रविवार, ११:२६

मग ते कांचनजंगा म्हणणारं शहाणं हे का करत नाही?

क्षितिज_०७ | रविवार, ११:३५

कारण ते मोजत नाही. पांढरं, टोकदार, पुढे देवदार असं दिसलं की असे फोटो ज्या नावाखाली जास्त पाहिले ते नाव सांगतं. मोजणारं सॉफ्टवेअर आणि बोलणारं सॉफ्टवेअर, दोन वेगळ्या जाती आहेत.

पायरव | रविवार, दुपारी १२:५०

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

कॅमेऱ्याला ५० मिमीचं भिंग होतं, एकच होतं, बाबांना पक्कं आठवतं. कडा कापलेल्या नाहीत, स्कॅन ३००० पिक्सेल रुंद आहे. ॲपमध्ये कोन नीट भरून पाहिला. त्रिशूळचे तीन दात साधारण बसतात, पण त्याच्या उजवीकडे खूप मोठी रांग यायला हवी ती फोटोत नाही. उलट डावीकडे रांग आहे, जी ॲपमध्ये नाही.

क्षितिज, मुनस्यारीला बाबा त्या प्रवासात गेलेच नव्हते. विचारून खात्री केली. विचारल्याबद्दल बोलणी खाल्ली.

ढगफुटी | रविवार, १:१०

उजवीकडचं डावीकडे? मग मागच्या बाजूने काढला असेल. उत्तरेकडून.

बर्फाळ_बंडू | रविवार, १:१८

उत्तरेकडून म्हणजे नंदादेवी अभयारण्याच्या आत, नाहीतर पलीकडे. माकडटोपी आणि उघड्या स्वेटरवर? अण्णांना पद्मश्री द्या.

मोजपट्टी | रविवार, ४:३५

फोटो निवांत मोठा करून पाहिला. डोंगर बाजूला ठेवा, अण्णांकडे बघा.

स्वेटरच्या आत शर्टाचा खिसा दिसतोय, खिशाला पेन. खिसा त्यांच्या उजव्या छातीवर आहे. घड्याळ उजव्या हातात आहे. शर्टाची बटणं बघा, पट्टी उलट्या बाजूने वर आलीय, बायकांच्या कपड्यांना असते तशी.

अण्णा डावखुरे होते का?

झुळूक | रविवार, ४:३८

अरे देवा.

चष्मेबहाद्दर | रविवार, ४:४१

उलटी स्लाइड!!! काल रात्रीपासून मी भिंगाचा कोन, भिंगाचा कोन करत बसलोय.

मोजपट्टी | रविवार, ४:५५

तसंच वाटतं. स्लाइड दोन्ही बाजूंनी पारदर्शक असते, स्कॅनरमध्ये पालथी गेली तरी चित्र झकास येतं, फक्त आरशातलं. झाडं, डोंगर, आभाळ, काहीच खटकत नाही. त्यातून त्रिशूळ तीन दातांचं, उलटं केलं तरी ढोबळ आकार तोच भासतो. म्हणून ॲप "थोडं बसतंय, थोडं नाही" असं करत होतं. पायरव, फोटो आडवा उलटवून परत टाका.

पायरव | रविवार, ५:२०

अण्णा डावखुरे नव्हते.

उलटवला. रेघ कागदावर कागद ठेवावा तशी बसली. मोठं शिखर त्रिशूळ. डावीकडे नंदाघुंटी. उजवीकडे मृगथुनी, त्याच्यापुढे मैकतोली. स्लाइड प्रत्यक्ष काढून पाहिली, पुठ्ठ्यावरचं अक्षर ज्या बाजूने सुलट वाचता येतं त्या बाजूने बघितलं तर चित्रही सुलट आहे. म्हणजे बाबांची चूक नाही, स्कॅन करणाऱ्याने पालथी घातली. बाकीच्या एकशेएकोणचाळीस आता परत तपासायच्या.

पण मग "नंदादेवी" का लिहिलं? बाबांना मोठ्या शिखराचं नाव त्रिशूळ आहे हे सांगितलं. ते म्हणाले, "त्रिशूळ मला माहीत आहे. मी नंदादेवीचा फोटो काढला." आणि पेपर वाचायला लागले.

निवडुंग | रविवार, ५:३१

मला तुमचे बाबा आवडायला लागलेत.

घोरपड | रविवार, ५:४५

ॲपमध्ये मैकतोलीच्या उजवीकडे नंदादेवी दाखवतंय ना? मग फोटोत तिथे काय आहे?

पायरव | रविवार, ५:५२

तिथे अण्णा आहेत.

मोजपट्टी | रविवार, ६:३०

थांबा, हे मोजू. कौसानीहून त्रिशूळ उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे १८ अंशांवर, नंदादेवी सुमारे ३१ अंशांवर. म्हणजे दोन्हींमध्ये तेरा अंश. ५० मिमीचं भिंग आणि ३६ मिमी रुंद फिल्म, म्हणजे फोटोची रुंदी चाळीस अंशांच्या आत-बाहेर. स्कॅन ३००० पिक्सेल. त्रिशूळ मधोमध असेल तर नंदादेवी त्याच्या उजवीकडे हजार पिक्सेलच्या आसपास, आणि चाळीस-पंचेचाळीस पिक्सेल खाली. तुमच्या फोटोत त्रिशूळ थोडं डावीकडे आहे, त्याने थोडा फरक पडेल, फार नाही.

त्रिशूळच्या टोकापासून हजार पिक्सेल मोजा आणि तिथे काय आहे सांगा.

पायरव | रविवार, ६:४८

माकडटोपी.

अगदी टोपीचा गोंडा. टोपीच्या उजव्या कडेला बर्फाची एक उतरती धार पुसटशी बाहेर आलीय, मला आधी तो ढग वाटला होता. ॲपची रेघ तिथे तंतोतंत जाते. ती धार नंदादेवीची आहे.

झुळूक | रविवार, ६:५०

खिक्. ७८१६ मीटर विरुद्ध एक गोंडा. गोंडा विजयी.

क्षितिज_०७ | रविवार, ७:०५

पंचाचूली मागे घेतो.

मोजपट्टींना साष्टांग. दोन दिवस आम्ही सगळे डोंगर बघत होतो आणि उत्तर शर्टाच्या खिशात होतं.

बर्फाळ_बंडू | रविवार, ७:२०

नंदादेवीला दोन टोकं आहेत, मुख्य आणि पूर्व, मधे लांब धार. कौसानीहून ती जोडी दिसते. त्याच पेटीत आणखी स्लाइड्स असतील त्या दिवसाच्या. अण्णा थोडे हललेली एखादी सापडते का बघा.

अवखळ | रविवार, ७:४२

आता मूळ प्रश्नाचं कोणीतरी उत्तर द्या. ॲपवर किती विसंबायचं?

चष्मेबहाद्दर | रविवार, ८:१०

रेघेवर खुशाल विसंबा. नावांवर थोडं कमी. नावं बऱ्याचदा ओपनस्ट्रीटमॅपसारख्या ठिकाणाहून येतात, तिथे तुमच्याआमच्यासारखेच लोक भरतात. एका आडबाजूच्या रांगेत दोन शेजारच्या शिखरांची नावं मला अदलाबदल झालेली सापडली होती, खातं काढून दुरुस्त केली. शिवाय सगळी नावं पडद्यावर मावत नाहीत म्हणून सॉफ्टवेअर निवड करतं. आजूबाजूच्या खिंडीपासून शिखर किती वर उठलंय हे बघून ठळक ठरवतात, त्यामुळे उंच असूनही मोठ्या शिखराला चिकटलेलं एखादं टोक अनामिक राहतं.

आणि सगळ्यात कमी विसंबा तुम्ही दिलेल्या माहितीवर. पालथी स्लाइड दिली तर बिचारं ॲप काय करणार. आरशातला हिमालय त्याच्या नकाशात नाही.

निवडुंग | रविवार, ८:२५

मान्य. अर्धं मान्य. खिसा ॲपने नाही पाहिला, माणसाने पाहिला.

मोजपट्टी | रविवार, ८:४०

आणि गोंडा माणसाने नाही पाहिला, मोजणीने सापडला. बसा आता.

ढगफुटी | रविवार, ९:००

नेपाळात एव्हरेस्ट बघायला कालापत्थरला जाणाऱ्यांनो, तिथून सगळ्यात उंच दिसतं ते नुप्त्से असतं, ७८६१ मीटर. एव्हरेस्ट मागे, काळपट, खांद्यावरून डोकावणारं. मोबाइल कव्हर काढून मग वर धरा. एवढंच सांगायचं होतं.

पायरव | रविवार, रात्री १०:३५

पेटी उपसली. त्या दिवसाच्या एकूण चार स्लाइड्स आहेत. तिन्हींत अण्णा आहेत, चौथ्या स्लाइडमध्ये नुसतं धुकं. बंडू, तिन्हींत टोपी तिथेच आहे. एकीत अण्णांनी मान तिरकी केलीय, गोंड्याच्या डावीकडे जेमतेम नखाएवढं पांढरं टोक दिसतं. ॲपनुसार तेच मुख्य शिखर.

लॅपटॉपवर मोठं करून, ॲपची रेघ वर टाकून बाबांना दाखवलं. नाव टोपीच्या बरोबर वर लटकत होतं. बाबांनी चष्मा वर सारला, पडद्याजवळ गेले, बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता काहीतरी हळवं बोलतील.

म्हणाले, "तेव्हाच म्हटलं होतं त्याला, खाली बस."

झुळूक | रविवार, १०:३७

_/\_

अवखळ | रविवार, १०:५०

माझ्याकडे आजोबांचा एक फोटो आहे. बर्फाचा डोंगर, पुढे तीन माणसं, मागे काहीच लिहिलेलं नाही. नवा धागा काढू?

मोजपट्टी | रविवार, १०:५४

काढा. पण आधी खिसे बघून घ्या.